चार कीं आठ ? – दोन जुन्या प्रोसेसरांची खेळांतील तुलना

वस्तूची परीक्षा तिच्यावर छापलेल्या आंकड्यावरून करण्याची संवय मनुष्यास फार जुनी आहे. घड्याळांत खडे किती, छत्रीस काड्या किती, सायकलीस गिअर किती, असें गिऱ्हाईक विचारतें आणि मोठा आंकडा ऐकला म्हणजे त्याचें समाधान होतें. संगणकाच्या बाबतींत ही संवय विशेषच बळावली आहे. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी आम्हांस वेळोवेळीं विचारतात कीं, दुकानांत दोन जुने संगणक आहेत, एक चार कोअरचा व दुसरा आठ कोअरचा. किंमत जवळजवळ सारखीच आहे. मग आठ कोअरचाच घेणें शहाणपणाचें नव्हे काय? प्रश्न लहान दिसतो. परंतु मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गांवच्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानांत जो पैसा मोजला जातो, तो पुष्कळदां घरांतील कित्येक महिन्यांच्या शिलकेचा असतो. म्हणून या प्रश्नाचें उत्तर नुसत्या 'हो' किंवा 'नाहीं' या शब्दांनीं न देतां कारणांसह देण्याचें आम्हीं योजिलें आहे. आणि त्यासाठीं एकाच सालीं बाजारांत आलेल्या दोन प्रसिद्ध प्रतिस्पर्ध्यांची जोडी उदाहरणार्थ घेतली आहे.

यांतील पहिला इंटेल कंपनीचा 'कोअर आय-५ ३५७०-के' हा होय. हा एप्रिल २०१२ मध्यें प्रसिद्ध झाला. यांत चार कोअर असून त्यांचा मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ व प्रसंगीं ३.८ गिगाहर्ट्झ इतका असतो. दुसरा ए. एम. डी. कंपनीचा 'एफ. एक्स. ८३५०'. हा त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत निघाला. यांत आठ कोअर, मूळ वेग ४ गिगाहर्ट्झ व प्रसंगीं ४.२ गिगाहर्ट्झ. प्रारंभीं पहिल्याची किंमत सुमारें २२५ डॉलर व दुसऱ्याची सुमारें १९५ डॉलर होती. म्हणजे कागदावर पाहतां दुसऱ्याचे कोअर दुप्पट, वेग अधिक आणि किंमत कमी ! एवढ्यावरच निकाल द्यावयाचा असता तर पुढें लिहिण्यासारखें कांहीं उरलें नसतें. परंतु त्या काळच्या बहुतेक खेळांत जय चार कोअरवाल्याचा झाला. असें कां झालें, हेंच समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम खेळाच्या वेळीं प्रोसेसरास काय करावें लागतें तें पाहूं. संगणकाच्या पडद्यावर जी हालचाल दिसते ती खरोखर हालचाल नसून सिनेमाप्रमाणेंच एकामागून एक दाखविलेलीं स्थिर चित्रें असतात. यांपैकीं प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. एका सेकंदांत अशीं साठ चित्रें दाखवावयाचीं असल्यास प्रत्येक चित्रासाठीं सुमारें १६.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजार भागांपैकीं साडेसोळा-सतरा भाग, एवढाच अवकाश मिळतो. तेवढ्यांत प्रोसेसरानें खेळणाऱ्याची बोटें कोठें पडलीं तें पाहावयाचें, खेळांतील प्रत्येक पात्रानें आतां काय करावें तें ठरवावयाचें, कोणती वस्तु कोणावर आदळली याचें गणित करावयाचें, आणि शेवटीं काय काय रंगवावयाचें याची यादी चित्र रंगविणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या, स्वाधीन करावयाची. ही यादी हातीं आल्यावांचून कार्डास काम सुरू करतां येत नाहीं.

आतां कोअर म्हणजे काय ? एका प्रोसेसरांत बसविलेला एक एक स्वतंत्र काम करणारा भाग म्हणजे एक कोअर, असें स्थूल मानानें म्हणतां येईल. तेव्हां आठ कोअर म्हणजे आठ कामकरी. आठ कामकऱ्यांनीं चारांपेक्षां अधिक काम करावें हें उघडच आहे. परंतु तें काम वांटून घेण्याजोगें असलें पाहिजे. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांत शंभर भाकरी करावयाच्या असल्या तर आठ बाया चौघींपेक्षां लवकर करतील. परंतु एकच भाकरी लवकर पाहिजे असेल तर आठ जणी बसवून काय उपयोग ? पीठ मळल्यावांचून थापतां येत नाहीं, आणि थापल्यावांचून तव्यावर टाकतां येत नाहीं. तेथें एकीचाच हात चलाख असला पाहिजे. बाकीच्या सात जणी नुसत्या पाहत बसणार.

खेळांतील कामाचा बराच भाग या एका भाकरीसारखा असतो. पात्र कोठें गेलें तें ठरल्याशिवाय तें भिंतीवर आदळलें कीं नाहीं हें कळत नाहीं. तें कळल्याशिवाय रंगविण्याची यादी होत नाहीं. एका कामाचें तोंड दुसऱ्याच्या शेपटाशीं बांधलेलें असतें. अमेरिकेंतील संगणकशास्त्रज्ञ जीन अॅमडाल यांनीं सन १९६७ मध्यें हाच विचार मांडला, आणि पुढें तो त्यांच्याच नांवानें नियम म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचें तात्पर्य असें कीं, कामकरी कितीही वाढविले तरी कामाचा जो भाग वांटतां येत नाहीं, त्यास लागणाऱ्या वेळापेक्षां कमी वेळांत एकंदर काम कधींच उरकत नाहीं.

हें आपण एका लहानशा गणितानें पाहूं. एका चित्राच्या कामाचे वीस भाग कल्पावे. त्यांतील दहा भाग एकट्यानेंच करण्याजोगे व दहा वांटून घेण्याजोगे आहेत असें समजा. एका पक्षाकडे आठ कामकरी असून प्रत्येक जण एका घटकेंत एक भाग उरकतो. दुसऱ्या पक्षाकडे चारच आहेत, पण प्रत्येक जण त्याच अवधींत दीड भाग उरकतो. आठांच्या पक्षांत एकट्याच्या कामास १० घटका व वांटलेल्या कामास सव्वा घटका, मिळून ११.२५ घटका लागतील. चारांच्या पक्षांत एकट्याच्या कामास ६.६७ व वांटलेल्या कामास १.६७, मिळून सुमारें ८.३३ घटका लागतील. म्हणजे संख्येनें निम्मे असून चौघे पुढें गेले. आतां उलट बाजू घ्या. एकट्याचें काम दोनच भाग व वांटण्याजोगें अठरा भाग असेल तर आठांस ४.२५ व चारांस ४.३३ घटका लागतात. येथें आठ जण केसभर पुढें आहेत. हिशेब पुरा केला तर असें दिसतें कीं, या उदाहरणांत एकट्याचें काम एकंदर कामाच्या नवव्या हिश्शाहून कमी असेल तेव्हांच आठांची सरशी होते. ज्या विद्यार्थ्यांस बीजगणित येतें त्यांनीं हें समीकरण स्वतः मांडून पाहावें.

आम्हीं दीडाचें प्रमाण उगीच घेतलें नाहीं. सिनेबेंच ११.५ नामक प्रसिद्ध परीक्षेंत एकाच कोअरचें बळ मोजलें असतां ८३५० चें बळ ३५७०-के च्या दोन तृतीयांशांहून फारसें अधिक भरत नसे. त्याच परीक्षेंत सर्व कोअर एकदम कामास लाविले म्हणजे मात्र ८३५० पुढें जाई. चलच्चित्रांची फाईल एका प्रकारांतून दुसऱ्या प्रकारांत बदलणें, फाईली दाबून लहान करणें, या शंभर भाकऱ्यांसारख्या कामांत तो खरोखरच चांगला होता. आणि त्याच्या किंमतीकडे पाहतां ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु वेग ४ गिगाहर्ट्झ असूनही त्याचा एकेक कोअर मागें कां पडावा ? याचें कारण गिगाहर्ट्झ या मापाच्या अर्थांत आहे. हें माप प्रोसेसराच्या नाडीचे ठोके सांगतें. दर ठोक्यास किती काम होतें हें सांगत नाहीं. लहान पावलें टाकणारें मूल बापापेक्षां भरभर पाय उचलतें, तरी मागेंच राहतें. एफ. एक्स. जातीच्याच '८१५०' या थोरल्या भावानें सन २०११ मध्यें द्रवरूप हेलियमच्या थंडाव्यांत ८.४२९ गिगाहर्ट्झ इतका वेग गांठून जागतिक विक्रम केला होता. पण त्या विक्रमानें खेळांतील त्याचें मागासलेपण गेलें नाहीं.

दुसरें कारण त्याच्या रचनेंत होतें. ए. एम. डी. नें या पिढींत 'मॉड्यूल' नांवाची नवी पद्धति अवलंबिली होती. एका मॉड्यूलांत दोन कोअर. आणि ८३५० मध्यें असे चार मॉड्यूल. पूर्णांकांचें गणित करणारा भाग प्रत्येक कोअरास स्वतंत्र होता. परंतु हुकूम आणून त्यांचा अर्थ लावणारा भाग, दशांश अपूर्णांकांचें गणित करणारा भाग व दुसऱ्या पायरीची कॅश-स्मृति, हीं दोहोंत मिळून एकच होतीं. आमच्या स्वयंपाकघराच्या भाषेंत बोलावयाचें तर बाया आठ, पराती आठ, परंतु तवे चार. दोघींच्या भाकऱ्या एकदम थापून झाल्या म्हणजे एकीस थांबणें भागच. या योजनेंत मूर्खपणा होता असें नव्हे. जागा वांचवावी, त्या जागेंत अधिक कामकरी बसवावे, आणि पुढील काळांत सर्व कार्यक्रम काम वांटून घेण्यास शिकतील, असा त्या कंपनीचा अंदाज होता. अंदाज अगदींच खोटा ठरला नाहीं. परंतु तो खरा होण्याच्या आधींच माल बाजारांत आला.

उलटपक्षीं इंटेलनें आपल्या चारही कोअरांस तवा, परात, चूल सर्व कांहीं स्वतंत्र दिलें होतें. शिवाय त्याचा प्रोसेसर २२ नॅनोमीटर पद्धतीनें घडविलेला, तर ए. एम. डी. चा ३२ नॅनोमीटर पद्धतीनें. त्यामुळें इंटेलच्या प्रोसेसरासाठीं उष्णतेचें कमाल माप ७७ वॉट ठरविलेलें होतें, तर ८३५० साठीं तें १२५ वॉट होतें. अधिक उष्णता म्हणजे अधिक मोठा पंखा, अधिक आवाज व विजेचें अधिक बिल, हें गृहस्थाश्रमी वाचकांस सांगावयास नकोच.

आतां प्रत्यक्ष खेळांकडे वळूं. सन २०१० चा 'स्टारक्राफ्ट २' व सन २०११ चा 'स्कायरिम' हे दोन्ही खेळ बहुतेक भार एकदोन कोअरांवरच टाकीत. त्यांत ३५७०-के चा जय स्पष्ट होता, आणि ८३५० चे कित्येक कोअर रिकामेच बसत. सन २०१३ चे 'क्रायसिस ३' व 'बॅटलफील्ड ४' हे खेळ काम पुष्कळ कोअरांत वांटून देणारे निघाले; त्यांत हें अंतर फार कमी झालें व कांहीं प्रसंगीं दोघे बरोबरीनें चालले. याप्रमाणें गणितानें जें भाकित केलें तेंच पडद्यावर उतरलें.

येथें परीक्षा करण्याच्या पद्धतीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण सरासरीचा आंकडा पुष्कळदां दिशाभूल करितो. एका सेकंदांत साठ चित्रें आलीं म्हणजे खेळ सुरळीत चालला असें आपण म्हणतों. परंतु त्यांतील एकुणसाठ चित्रांस प्रत्येकीं १५ मिलिसेकंद, म्हणजे एकंदर ८८५, आणि उरलेल्या एकट्या चित्रास ११५ मिलिसेकंद लागले, असें समजा. बेरीज बरोबर एक सेकंद होते, सरासरी साठच राहते, पण खेळणाऱ्यास मध्येंच जो हिसका बसतो तो त्या सरासरींत कोठेंही दिसत नाहीं. वर्गाची सरासरी चांगली असून एक मुलगा नापास व्हावा, तशांतला हा प्रकार आहे. 'द टेक रिपोर्ट' या पत्राचे संपादक स्कॉट वॉसन यांनीं सन २०११ मध्यें प्रत्येक चित्रास लागणारा वेळ वेगवेगळा मोजण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला, आणि पुढें ती सर्वत्र रूढ झाली. आमच्या वाचकांनीं कोणतीही तुलना वाचतांना सरासरीबरोबरच सर्वांत मंद चित्रांचा आंकडाही पाहावा.

तशीच दुसरी गोष्ट ग्राफिक्स कार्डाची. प्रोसेसरानें यादी कितीही लवकर दिली तरी रंगविणारा मंद असेल तर चित्र लवकर कसें येणार ? म्हणून कार्ड साधारण असेल आणि चित्र मोठें व बारकाव्याचें मागितलें असेल, तर हे दोन्ही प्रोसेसर सारखेच दिसतात. कारण दोघेही कार्डाची वाट पाहत थांबलेले असतात. परीक्षक मुद्दाम लहान चित्र व बलवान कार्ड घेऊन परीक्षा करितात, ती एवढ्याचसाठीं कीं प्रोसेसराचा दोष कार्डाच्या आड लपूं नये. त्या परीक्षेंत दिसणारें अंतर आपल्या घरीं तितकेंच दिसेल असें मात्र मानूं नये.

पुढें काळ कांहींसा एफ. एक्स. च्या बाजूस झुकला, हेंही न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. नोव्हेंबर २०१३ मध्यें 'प्लेस्टेशन ४' व 'एक्सबॉक्स वन' हीं खेळयंत्रें निघालीं. त्या दोहोंतही ए. एम. डी. चेच आठ कोअर होते. मात्र ते धिम्या गतीचे. त्यामुळें खेळ रचणारांस काम वांटण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. सन २०१५ मध्यें 'डायरेक्ट-एक्स १२' व सन २०१६ मध्यें 'वल्कन' या नव्या योजना आल्या. त्यांनीं रंगविण्याची यादी करण्याचा भार हलका केला व तो अनेक कोअरांत वांटण्याची सोय केली. जुलै २०१६ मध्यें 'डूम' या खेळास वल्कनची जोड मिळाली, तेव्हां मंद प्रोसेसरांस तिचा लाभ विशेष झाला. इकडे 'बॅटलफील्ड १' व 'अॅसॅसिन्स क्रीड ओरिजिन्स' यांसारख्या सन २०१६-१७ च्या खेळांत चार कोअरांचे हात अपुरे पडूं लागले आणि आय-५ वाल्यांसही हिसके जाणवूं लागले. म्हणजे आठांचें दिवाळें व चारांचें राज्य, दोन्ही कायमचीं नव्हतीं. तथापि एफ. एक्स. नें एकंदरींत मागाहून बाजी मारली, असें म्हणण्याइतकें तें परिवर्तन मोठें नव्हतें.

या वादाचा शेवट न्यायालयांतही झाला. नोव्हेंबर २०१५ मध्यें कॅलिफोर्नियांत कांहीं ग्राहकांच्या वतीनें फिर्याद झाली कीं, दोन कोअरांत महत्त्वाचे भाग सामाईक असतां त्यांस 'आठ कोअर' म्हणून विकणें योग्य नव्हे. कंपनीनें दोष कबूल केला नाहीं. परंतु सन २०१९ मध्यें १ कोटी २१ लक्ष डॉलर देऊन तिनें तडजोड केली. आमच्या मतें याहून बोलका निकाल त्या कंपनीच्या कारखान्यांतूनच बाहेर पडला. मार्च २०१७ मध्यें तिनें 'रायझन' नांवाचा प्रोसेसर काढला, त्यांत मॉड्यूलची पद्धति पार टाकून दिली व प्रत्येक कोअरास आपली सर्व सामग्री स्वतंत्र दिली. दर ठोक्यास होणारें काम आधींच्या रचनेपेक्षां ५२ टक्क्यांनीं वाढलें, असें कंपनीनेंच जाहीर केलें. आठांची संख्या तिनें ठेवली, पण प्रत्येक हात चलाख केला. प्रतिस्पर्ध्यापासून शिकून आपली चूक सुधारणें यांत कमीपणा नाहीं. त्या एका सुधारणेनें कंपनीचें नष्टप्राय झालेलें नांव पुन्हां उभें राहिलें.

मग आज हे दोन जुने प्रोसेसर समोर आले तर घेणारानें काय करावें ? जुने व मध्यम काळचे खेळ खेळावयाचे असतील तर ३५७०-के बरा. शिवाय त्याच्या अंगचीच साधारण चित्रशक्ति असल्यामुळें कार्ड बिघडलें तरी अभ्यासाचें काम अडत नाहीं. ८३५० मध्यें ही सोय नाहीं. ज्यास चलच्चित्रें तयार करण्यासारखीं वांटून होणारीं कामें करावयाचीं आहेत व वस्तु बरीच स्वस्त मिळते आहे, त्यानें ८३५० घेतला तरी पैसा अगदींच वायां जाणार नाहीं. मात्र मदरबोर्ड व वीजपुरवठ्याची पेटी त्याची भूक भागविण्याजोगी आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. पण दोघांचेंही वय झालें आहे हें विसरूं नये. विंडोज ११ ज्या प्रोसेसरांवर चालवावी अशी मायक्रोसॉफ्टची यादी आहे, तींत या दोहोंचीं नांवें नाहींत. आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. 'ए. व्ही. एक्स. २' नामक हुकूमसंच दोघांतही नसल्यामुळें तो मागणारे नवे खेळ दोघांवरही सुरू होत नाहींत. तेव्हां थोडे पैसे अधिक घालून पुढील पिढीचा जुना संगणक मिळत असेल तर तोच घेणें हिताचें.

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं या लेखांतून दोन प्रोसेसरांचीं नांवें विसरलीं तरी चालतील; परंतु दुकानाच्या पायरीवर तीन प्रश्न मनाशीं जरूर विचारावे : मला कोणतें काम करावयाचें आहे ? त्यांतलें वांटून होण्याजोगें किती ? आणि यंत्राचा सर्वांत मंद भाग कोणता ? या तिहींचें उत्तर ज्यास देतां आलें, त्यास पेटीवरील आंकडा, मग तो चार असो वा आठ, फसवूं शकणार नाहीं.